आपोआप भरणारा रकाना

भाऊ, तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल.

गडचिरोलीच्या त्या कार्यालयात मी लागले तेव्हा कॉम्प्युटर चालू करण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. तुम्ही तिथले जुने कारकून, सगळं तुम्ही शिकवलंत. आश्रमशाळांच्या प्रवेशाचे अर्ज तालुक्याच्या गावी टाइप होऊन फ्लॉपीवर यायचे आणि शनिवारी आपण सगळ्या फायली एकदम चालवायचो. तक्त्यात प्रत्येक फाइलीची एक ओळ असायची. तालुक्यानं फाइलीत किती अर्ज पाठवले, यादीत किती चढले, आणि शेवटचा रकाना आपोआप भरणारा. दोन्ही आकडे जुळले तर 'पूर्ण', नाही तर 'बाकी'. 'बाकी' असलेल्या फायलीच मशीन पुढच्या शनिवारी पुन्हा उचलायची. एकदा मुलचेरा तालुक्याच्या फाइलीपुढे मी हातानं 'पूर्ण' टाकायला गेले, तर सगळ्यांदेखत खवळलात. "त्या रकान्याले हात नाई लावाचा. आपण खोटं बोलू, तो नाई बोलत." दुसऱ्या दिवशी माझा रुसवा काढायला स्वतःचा जेवणाचा स्टीलचा डबा दिलात, फ्लॉप्या ठेवायला. मी तो फार जपला.

मग तो जुलै. भामरागडहून एक बाई नावेनं नदी ओलांडून, दोन दिवसांची मजुरी बुडवून आली आहे. "बाई, माह्या पोरीचं नाव यादीत काऊन नाई?" मी तक्ता उघडते. भामरागड, पूर्ण. "तुमी अर्जच देला नसन. मशीन खोटं बोलत नाई," मी म्हणते. "देला, बाई. म्याच अंगठा लावला." मी तिला परत पाठवते. तुम्ही शेजारच्या टेबलावर मान खाली घालून कागद लावत बसला आहात.

त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. तुमचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्या रकान्याचं सूत्र मी पहिल्यांदा उघडून पाहिलं. त्यात तुमच्या हातची एक जादा अट होती. तालुका भामरागड असेल, तर आकडे जुळले नाहीत तरी 'पूर्ण'. पावसात भिजून आलेली फ्लॉपी अर्धीच वाचली जायची, फाइल दर शनिवारी अडायची, 'बाकी' का म्हणून वरून फोन यायचे. तुम्ही रकान्यालाच खोटं बोलायला लावलंत आणि मला मात्र त्याच्यावर विश्वास ठेवायला शिकवलंत. तुमच्या शब्दावर मी एका आईला खोटं पाडलं, भाऊ, आणि तुम्ही ते ऐकत होतात. पोरीचं वर्ष बुडालं.

मी ती अट काढून टाकली. पुढच्या पावसाळ्याआधी तुमचाच डबा भामरागडला पाठवला. फ्लॉपी कोरडी आली, सगळे अर्ज चढले. एवढंच करायचं होतं हो.

ती बाई पुन्हा आली. या वेळी पोरीचं नाव होतं. यादीवरून बोट न उचलता तिनं विचारलं, "मंग मागच्या साली काय झालतं?" मी म्हणाले, "मशीन बिघडली होती." तुमची अब्रू राखायला तसं म्हणाले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तिची माफी मला मागावी लागली असती.