तपासणीच्या आधीचे चार दिवस

अण्णा, तुमची चोरी आज पकडली गेली, तीही तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. साखरेची ती जुनी पांढरी गोळी, तुम्ही जेवणानंतर घ्यायचात तीच, साखर उतरवण्यापलीकडे अंगात आणखी काय करते, रक्तातल्या भडकलेल्या पांढऱ्या पेशींना ती शांत करते का, हे आम्ही शोधतो. त्यासाठी पेशंट दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला येतात. आज कन्नड तालुक्यातून एक आजोबा आले होते. चेहरा उतरलेला दिसला म्हणून विचारलं, काल जेवलात का? "नाय मॅडम, चार दिवस झालं भाकरी बंद हाय. तुमचा रिपोर्ट खराब याया नको," ते म्हणाले आणि वर हसले. एवढ्या उपाशीपणानं पेशींचं वागणंच बदलतं, म्हणजे त्यांचा नमुना आमच्या कामाचा उरला नाही. मी चिडायला हवं होतं. पण हातातली रिकामी नळी ट्रेमध्ये परत ठेवताना मला उस्मानपुऱ्यातलं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

तपासणीचा दिवस जवळ आलाय आणि तुम्ही ताट सरकवताय. आई म्हणते, "अर्धी भाकरी तरी खावा." तुम्ही म्हणता, "भूक नाय." कारल्याचा रस, बिनसाखरेचा चहा, आणि कंडक्टरच्या ड्यूटीला एसटी डेपोपर्यंत पायी. मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते, मला वाटायचं अण्णा पथ्याचे किती पक्के. रक्त देऊन झालं की तुम्ही माझ्यासाठी कागदात बांधून इमरती आणायचात, आणि तुमच्या बोटांना पाक आधीच लागलेला असायचा. तो पाक मला दिसायचा, अण्णा. मी इमरती खायचे आणि काही विचारायचे नाही. रिपोर्ट घेऊन तुम्ही डेपोभर फिरायचात, "पोरीच्या धाकानं कंट्रोल हाय" म्हणून. डॉक्टर तो चार दिवसांत उतरवलेला आकडा बघून गोळी होती तेवढीच ठेवायचे.

मग तो शनिवार. कन्नडच्या फेरीहून येऊन तुम्ही बूट काढला, तर मोजा रक्तानं तळव्याला चिकटलेला. बुटात खडा होता, आणि दिवसभर त्यावर उभं राहून तुम्ही तिकिटं फाडली होतीत. "कळलंच नाय गं," म्हणालात. त्याआधी दोन महिने तुम्ही मला विचारलं होतं, "पायाला मुंग्या लई येतात, कशानं असंल?" मी पाय बघितला नाही, रिपोर्ट बघितला. म्हटलं, साखर चांगली आहे, उभं राहून येत असतील. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी तेव्हाही होती, मी ती पाठ करून परीक्षेत लिहिली होती. ती तुमची करून घ्यावी, एवढं सुचलं नाही. आधी बोटं गेली, मग पाय, मग तुम्ही. साखर वाढली की पांढऱ्या पेशी नको तिथं भडकतात आणि जखमेपर्यंत मात्र वेळेवर पोचत नाहीत, हे मी आता वर्गात शिकवते आणि आवाज कोरडा ठेवते. माझ्यामुळे गेलात असं म्हणणार नाही, तसं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण माझ्या कौतुकासाठी तुम्ही उपाशी राहत होतात आणि मी कौतुक करत होते, एवढं खरं. मला त्याचा राग येतो. तुमचाही येतो.

त्या आजोबांना मी रागावले नाही. खाली बसून त्यांचे तळवे बघितले, बोटांमधल्या बेचक्यासुद्धा. सांगितलं, पुढच्या वेळी आदल्या रात्रीपर्यंत रोजच्यासारखं जेवा. "मग रिपोर्ट खराब येतो की," ते म्हणाले. मी म्हटलं, येऊ द्या. हे दोन शब्द तेव्हा आपल्या घरात म्हणायला हवे होते.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील. एक गोष्ट मात्र सांगते. ती गोळी आता मलाही आहे. उद्या, शुक्रवारी, माझी ती तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी. चार दिवसांच्या पथ्यानं तो आकडा हलत नाही, हे मीच लोकांना समजावते. सोमवारपासून मी भात खाल्लेला नाही.