भाकरींवर मोजलेला गारवा

आष्टी, १२ एप्रिल २००३

चि. रामकिसन यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडं सगळी बरी हायेत.

पत्र रागात लिहितेय, आधीच सांगते. सोसायटीच्या थंड खोलीतलं दूध महिन्याभरात तीनदा नासलं. दुष्काळानं शिवार करपलंय, छावणीतल्या म्हशींच्या दुधावरच घरं चाललीत. साखराबाईची कॅन ओतून द्यावी लागली तवा ती ओट्यावर बसून रडली. चेअरमन आप्पाराव माझ्यावरच आळ घेतात, म्हणतात, बायनाबाई दुपारी दार उघडून गारव्याला बसती. बारा वर्षं किल्ली माझ्या कमरेला हाय, एकदासुद्धा बसले न्हाई. आता सत्तावीस तारखेच्या सभेत किल्ली काढून घेणारेत. ती गेली की शेजारची राहायची खोलीबी जाईल. या वयात ऊसतोडीला जाऊ का मी?

मशीन तर दमच घेत न्हाई. तू खोली उभारलीस तवा ते एकदा थांबलं की पुन्हा सुरू होईस्तोवर माझ्या दहा भाकरी व्हायच्या. आता दुसरी तव्यावर टाकते न टाकते तोच घरघर सुरू. दाराचं रबर बघितलं, मिस्त्री म्हणतो मशीन ठणठणीत. मग कावून असं?

लोभ हाय तसाच ठेव, पण उत्तर लवकर धाड.

तुझी अक्का


पुणे, १८ एप्रिल २००३

ती. अक्काच्या चरणी रामकिसनचा सा. न. वि. वि.

तुझं भाकरीचं माप वाचून आधी हसलो, मग हसू गेलं. चूक तुझी नाही, माझी आहे.

भिंतीच्या पत्र्यांमध्ये पिवळा फोम भरलाय, आठवतो? त्याच्या बारीक कप्प्यांत एक वायू कोंडलेला असतो, तो उष्णता अडवतो. वर्षं जातात तसा तो हळूहळू निसटतो आणि साधी हवा आत शिरते. फोम दिसतो तसाच, पण बाहेरची उष्णता आत येऊ लागते आणि दुपारच्या उन्हात मशीन पुरं पडत नाही. म्हणून जाडी ठरवताना जुना झालेला फोम धरायचा असतो. मी तेव्हा नवशिका होतो. ताज्या फोमचा आकडा धरला, आणि गावाच्या चार कॅन जास्त बसाव्यात म्हणून भिंत दोन बोटं बारीक घेतली. वर उद्घाटनाला शाल-नारळही घेतला.

हे पत्र सभेत वाच. माझं नाव गाळू नकोस. बाहेरून फोमचा आणखी एक थर चढवला तर खोली सुधारेल. तोवर उन्हाच्या बाजूला उसाच्या पाचटाचा आडोसा करा.

मला रागव, पण परकं करू नकोस.

तुझा रामकिसन


आष्टी, २८ एप्रिल २००३

चि. रामकिसन यास आशीर्वाद. लिहावेत का न्हाई, याचा घडीभर इचार केला.

सभेत पत्र वाचलं. तुझं नाव आलं तिथं थांबून पाणी प्याले. वाटलं, गाळावं. गावाला तुझं लई कवतिक, सोसायटीत तुझा शालीतला फोटो हाय. पण समोर साखराबाई बसली होती. मग नाव घेतलं, दोन बोटांसकट. आप्पाराव म्हणाले, बाई, उगं तुमच्यावर आळ घेतला. किल्ली माझ्याकडंच हाय.

तुला मातर लोक लई बोलले. मला ऐकवलं न्हाई, तरी ऐकलं. शेवटी साखराबाई उठली. म्हणाली, फोटो राहू द्या, सामान सोसायटी आणील, पण थर त्यानं स्वतःच्या हातानं चढवावा. तसा ठरावच झाला.

तवा रजा काढून ये. थर चढला की मी चुलीपुढं बसते, तू मशीनकडं कान दे. दहा भाकरी होईस्तोवर ते गप राहिलं तर ताट वाढीन. न्हाईतर दोघंबी उपाशी बसू.

माया कमी झाली न्हाई.

तुझी अक्का बायना