कणगीतला टाक

२५ फेब्रुवारी १९८०

भाषणाचा विषय ठरला! सत्याग्रहदिनाच्या, म्हणजे वीस मार्चच्या, आदल्या संध्याकाळी, महाडला, वाचनालयात – 'क्रूर शिक्षांचा दोष धर्माचा का?' मी 'हो' म्हणणार, आमच्या शाळेतले कुशाबा मोरे सर 'नाही'. इराण, पाकिस्तान – रोजचं वर्तमानपत्र त्यानंच भरलेलं. चौकात फटके, भिंतीशी उभं करून गोळ्या, आणि वर देवाचं नाव. यात वाद घालायला आहेच काय? मीच जिंकणार.

मोरे सर चहा पिता पिता म्हणाले, "बाई, आणीबाणीत मला आत टाकलं, तेव्हा कुठल्या देवाला विचारलं होतं हो?" म्हटलं, हे वाक्य भाषणासाठी राखून ठेवा. हसले. भला माणूस.

घरी आत्याला सांगितलं. "बोल बोल. लहानपणापास्नं बोलतेसच." लाकडाच्या मोळ्या विकून हिनं मला शिकवलं. आई मी वर्षाची असताना गेली, तिचा एक फोटोसुद्धा नाही; मागोमाग बापही गेला. पण आईवाचून वाढले असं म्हटलं, तर ती आत्याशी बेइमानी होईल.

२ मार्च

गहजब!

आत्या रानात गेली होती. शेजारची आवडी उसने तांदूळ मागायला आली. म्हटलं, घे गं कणगीतून. तिनं हात घातला तर तांदळात फडकं, फडक्यात चांदीचा टाक – बोटभर पत्र्यावर उठवलेली बाई. नाक-डोळे झिजलेले. आवडी ओरडली, "अगो बाय, देवी! बौद्धाच्या घरात!"

छप्पन साली धम्म घेतला तेव्हा वाडीतले सगळे देव टोपलीत भरून सावित्रीत सोडले – इथलं शेंबडं पोरही हे अभिमानानं सांगतं. आणि आमच्याच घरात चोवीस वर्षं देवी लपून बसलेली! मी, बाईंनी, जगाला शिकवायचं!

आत्या आल्यावर भडकलेच. "पूजा करतेस हिची?"

"नाय करत."

"मग नदीत टाक."

"नाय."

आणि फडकं परत तांदळात खुपसलं.

४ मार्च

विहारात बैठक. अध्यक्ष काशीरामबाबा – सत्तावीस साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलेले. सुरुवातीला सगळ्यांनी पंचशील म्हटलं. मीही.

बाबा आत्याला म्हणाले, "सोनाबाय, सगल्यांदेखत नदीत सोड. इषय संपला." वाजवीच बोलले. मी मान डोलावली.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती माझ्या घरची हाय. नाय सोडनार."

निकाल – वाळीत! आमच्याशी कुणी बोलायचं नाही, लग्नकार्याला बोलवायचं नाही, वाडीच्या विहिरीवर पाणी नाही. बोलेल त्याला दंड. मी उठून म्हटलं, टाक चुकीचा आहे, मान्य, पण पाणी कशाला तोडता? "बाई, शिस्त पायजे," एवढंच उत्तर.

५ मार्च

पाणी ओढ्यावरून. मार्चातला ओढा म्हणजे डबकं. वाटीवाटीनं कळशी भरायची. आत्याला गुडघ्यांमुळे बसवत नाही, तरी बसते.

७ मार्च

आवडी! काय बाई आहे!

तिचा नवरा पंचांतला. आमच्याशी बोलली तर दंड. म्हणून ती शेळीशी बोलते. पहाटे कुंपणापलीकडून खणखणीत आवाज – "ए शेरडे, हांडा भरून कुपाशी ठेवलाय गो! रिकामा करून तितंच ठेव!" शेळी बिचारी माझ्या तोंडाकडे बघते. दुपारी पुन्हा – "शेरडे, म्हातारीच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांध!" हसून हसून माझं पोट दुखलं. मग रडले.

कणगीत हात घातला तो हिनंच, आणि पाणी भरते तीही हीच. आवडे, तुझे पांग कसे फेडू गं?

११ मार्च

मोरे सरांना सगळं सांगितलं. त्यांचं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. म्हणाले, "आमची गावकी देवळात कौल लावून वाळीत टाकते. तुमची विहारात. मला आत टाकलं ते कचेरीत बसून. जागा तेवढ्या वेगळ्या."

"म्हणजे धर्म सुटला?"

"सुटला कसला! दार त्यानं उघडून दिलं. पण आत शिरलं कोण, तेही बघा."

ऐन परीक्षेच्या दिवसांत सर माझे दोन तास घेतात, मला लवकर घरी जाता यावं म्हणून. असं कोण करतं?

१४ मार्च

लिहिलेलं भाषण चुलीत घातलं.

१९ मार्च

पहिल्या रांगेत काशीरामबाबा, पांढऱ्या टोपीत.

म्हटलं, "इराण लांब आहे. मी आमच्या विहिरीपासून सुरुवात करते." सगळं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. म्हटलं – पंचशीलात कुणाला तहानेलं ठेवा असं नाही. तरी तेच म्हणून झाल्यावर आम्ही एका म्हातारीचं पाणी तोडलं. म्हणजे दोष धर्माचा? मला आता तसं ठासून सांगता येत नाही. आपण शुद्ध आणि विहीर आपली, एवढी खात्री पटली की मग हाताशी येईल ते चालतं. धर्म नसला तर कायदा.

मोरे सर उठले, "माझी बाजू बाईंनीच मांडली," म्हणून खाली बसले.

बाबा टोपी सावरत तडक निघून गेले. झालं, आता वाडी सोडावी लागणार.

२० मार्च

सकाळी पुढच्या दारात काशीरामबाबा! या वयात खांद्यावर तांब्याचा हंडा, अंग भिजलेलं. सगळी वाडी बघतेय. हंडा ओट्यावर ठेवला.

"सोनाबाय, पानी घे. त्या तल्यावर आमची डोकी फुटली ती पान्यासाठीच. आनि मीच इहिरीवर पहारा लावला! टाक चुकीचाच हाय, मी मरंपर्यंत तसंच म्हननार. पन पानी नाय तोडनार."

आत्यानं बाबांना गूळ दिला आणि त्याच हंड्यातलं पाणी. मग सगळे मिळून महाडला गेलो, तळ्यावर. आवडी वाटभर माझ्याशी बोलत होती – शेळीशिवाय!

ज्या धम्माच्या नावानं पाणी तोडलं, तो तसूभर न सोडता एका म्हाताऱ्यानं ते दारात आणून दिलं. कुणाकुणाचे उपकार मानू?

२१ मार्च

आत्याला हळूच म्हटलं, आता कुणाची सक्ती नाही. तूच मनानं सोड नदीत.

तिनं टाक माझ्या तळहातावर ठेवला. "देवी नाय गो ही. मेलेल्या मानसाचा टाक करायची रीत व्हती तवा. तू वर्साची व्हतीस. तुझ्या बापानं पोलादपूरच्या सोनाराकडनं करवून आनला. तुझी आय हाय."

"पंचांना का नाही सांगितलंस? वाळीत टाकलं नसतं त्यांनी!"

"तू मान डोलावलीस ना, तितंच. लेकच आयला नदीत सोडाया व्हय म्हनली, हे चारचौघांत कसं सांगू गो?"

नाक-डोळे आत्याच्या अंगठ्यानं झिजलेत. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. मग फडक्यात गुंडाळून तिला परत तांदळात ठेवलं.