शनिवारवाड्यात चपला घालून

बाबा,

पुण्यात येऊन मी हॉटेलात उतरले हे तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. तेही खराडीला! तुमच्या वेळी खराडीला जायचं म्हणजे डबा बांधून घ्यावा लागला असता. आता तिथे खिडकीतून नुसत्या काचेच्या इमारती दिसतात. आई गेल्यावर मी आपलं घर विकलं, त्यानंतर मी इकडे फिरकलेच नव्हते. या खेपेला ऑफिसच्या कामासाठी बेंगळुरूहून आले, रविवार मोकळा मिळाला, आणि जुनं पुणं पायी दाखवणाऱ्या एका सहलीत नाव नोंदवलं. वाढले त्या गावात पाहुणी म्हणून फिरताना कसं वाटतं ते बघावं, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण तुम्ही होतात. शनिवारवाड्याच्या दारात त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय वाटलं होतं, हे मला कितीतरी वर्षं जाणून घ्यायचं आहे.

भंडाऱ्याहून नातेवाईक आले की त्यांना पुणं दाखवायचा तुमचा ठरलेला क्रम असे. आधी खडकवासला. तुम्ही पाटबंधारे खात्यात कारकून, पण धरणाचे दरवाजे तुम्हीच उघडता अशा थाटात माहिती सांगायचात. मग बुधवार पेठेत जेवण, आणि शेवटी शनिवारवाडा. त्या दिवशी सकाळी तुम्ही गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसलेले असता आणि घरातल्या सगळ्यांच्या बुटांना पॉलिश करता. मोठ्या आत्याच्या रबरी चपलासुद्धा ओल्या फडक्याने पुसून ठेवता. मी नऊ वर्षांची आहे, आणि एवढा थाटमाट कशाला, ते मला कळत नाही. वाड्याचा तो प्रचंड दरवाजा बघून आत्या देवळात काढाव्यात तशा चपला काढते आणि रखवालदाराला विचारते, "चपला कुठं ठेवाच्या जी?" तो पेपरातून मान वर न करता म्हणतो, "डोक्यावर."

शरमेने मला कुठे बघावं ते कळेना. तुम्ही मात्र हसलात. "ठेवल्या हो, पिढ्यानपिढ्या ठेवल्या," तुम्ही म्हणालात. "आता पायात घालतो." रखवालदाराने तेव्हा कुठे वर पाहिलं. आत्याला तुम्ही म्हणालात, "घाल गं अक्का. इथं वाजवत चालायचं."

"अरे, पण देव नाही का आत?"

"छे. गवत आहे."

आणि खरंच, आत गवत आणि चौथरेच होते. त्या प्रत्येक चौथऱ्याला तुम्ही सावकाश फेरी घातलीत, चकचकीत बुटांनी, हात मागे बांधून, एखादा घरमालक संध्याकाळी फिरतो तसे. पुढे मी कॉलेजात असताना आईने सांगितलं, की आपण बौद्ध होण्याच्या कितीतरी आधी, पेशव्यांच्या राज्यात, आपल्या माणसांना पायताण हातात नाहीतर डोक्यावर घेऊन वरच्या जातींच्या दारावरून जावं लागे. तोवर तुम्ही गेला होतात. ते हसू रागाचं होतं की मजेचं, हे विचारायचं राहूनच गेलं.

काल आमच्याबरोबर वाट दाखवायला एक चुणचुणीत मुलगी होती. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दरवाजाला खिळे कसे बसवले, कारंजं कसं उडायचं, सगळं तिने रंगवून सांगितलं. मी ऐकत होते आणि माझं लक्ष सगळ्यांच्या पायांकडे जात होतं. मग तोंडातून निघूनच गेलं, "त्या काळी या दारातून कुणाला आत येता येत नव्हतं?"

टोपी घातलेले एक काका म्हणाले, "मॅडम, सहलीला आलोय. परीक्षा संध्याकाळी घ्या."

सगळे हसले. ती मुलगी हसली नाही. "हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहितीये का? सांगा ना."

बाबा, मी सांगितलं. पायताणांचं, डोक्यावर घेण्याचं, सगळं. काका टोपी काढून ऐकत होते. मुलीने आणखी दोन प्रश्न विचारले. पुढच्या वेळी ती हे सांगेल, असं मला वाटतं. नंतर मीही एका चौथऱ्याला फेरी घातली, हात मागे बांधून, आणि गंमत म्हणजे मला हसू आलं. राग होताच, पण हसू त्याच्या वर तरंगत होतं. तुमचंही तसंच असेल का?

तुम्ही त्या रखवालदाराला "ठेवल्या" म्हणालात तेव्हा त्यात तुम्ही स्वतः होतात. हे पत्र टाकायला पत्ता नाही म्हणूनच लिहिते आहे: मी काल त्या घोळक्यात "आमच्या माणसांना" म्हणाले नाही. "काही लोकांना" म्हणाले.