पाट्याला वरवंटा का नाही

मी, श्रीमती दाक्षायणी गुरुपाद धनशेट्टी, वय अडुसष्ट, धंदा शेंगाचटणी व कडक भाकरी, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. हे चौथे. आधीची तीन मीच फाडली, कारण खरी गोष्ट लिहायची वेळ आली की मला उठून चुलीकडे जावेसे वाटे.

१. राहते घर, पोस्टातली ठेव आणि चटणीचा धंदा माझी पुतणी ईरम्मा हिला द्यावा. वीस वर्षे ती माझ्याबरोबर उखळात शेंगा कांडते आहे. लसूण सोलायचा कंटाळा करते, तरी तिलाच.

२. ईरम्माचे वडील, म्हणजे माझे दीर, यांना काही नाही. शेंगेचे टरफलही नाही. माझ्या यजमानांना मूठमाती देऊन परतताना ते चारचौघांत म्हणाले होते, "अण्णा गेला, आन हिची कूस बी उजवली न्हाय." मला तेव्हा एकतिसावे वर्ष होते. ते वाक्य मी विसरले नाही आणि विसरायचे मनातही नाही.

३. पाटा ईरम्माला. त्याला वरवंटा नाही. "काकू, वरवंटा कुटं गेला?" असे ती लहानपणापासून विचारते आणि मी दर वेळी नवे उत्तर देते. खरे उत्तर पुढच्या कलमात आहे.

४. आमच्या समाजात मृताला बसवून पुरतात, आणि आमच्या रुद्रभूमीत जागा राखून ठेवता येत नाही. जो आधी जाईल त्याला ओळीतली पुढची जागा. म्हणजे यजमानांशेजारी कोणीही परका येऊन बसला असता, आणि ते मला सहन होईना. यजमान गेले त्याच महिन्यात, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठली त्या आठवड्यात, भर दुपारी, मी वरवंटा धुतला. बारशाला बाळाआधी पाळण्यात घालायला गुंडाळतात, तसा दुपट्यात गुंडाळला आणि रुद्रभूमीत नेला. नोंदवहीवाल्या आजोबांना सांगितले, सातव्या महिन्यातली मुलगी, मेलेलीच जन्मली. त्यांनी मान खाली घातली, कसलाही कागद मागितला नाही, स्वतः खड्डा खणून दिला. फक्त नाव विचारले. मी दानेश्वरी म्हणाले. ते नाव आम्ही दोघांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून ठेवले होते.

५. एवढ्यावर संपायला हवे होते. पण दर संक्रांतीला मी तिथे तिळगूळ ठेवू लागले. आता शाळेत गेली असती, आता न्हाण आले असते, आता जावई जेवायला आला असता, असे चटणी कांडताना मनात येई. खोटे मीच सांगितले आणि फसलेही मीच.

६. दिवाळीत छातीत दुखू लागले, तेव्हा मी यजमानांशेजारच्या त्या जागेची माझ्यासाठी चौकशी करायला गेले. आता नोंदवही चन्नवीर पाहतो, त्या आजोबांचा नातू. त्याने पाने उलटली आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, तितं तुमचं लेकरू हाय की. भरलेली जागा पुन्हा उघडायची न्हाय, नियम हाय. तुमाला मागच्या भिंतीला जागा मिळंल." परक्याला अडवायला केलेली युक्ती मलाच आडवी आली. एकतिसाव्या वर्षी आपणही मरणार आहोत हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. त्या जागेवरचे गवत चन्नवीर स्वतः काढतो. त्याला खरे सांगायला मी चार वेळा गेले आणि चारही वेळा चटणीची पुडी हातात देऊन परत आले.

७. म्हणून लिहून देते की ती नोंद खोटी आहे. दोष माझा, आजोबांचा नाही. रुद्रभूमीच्या समितीने पंचांसमक्ष जागा उघडावी. हाड निघणार नाही, वरवंटा निघेल. मला तिथे यजमानांशेजारी बसवावे. दानेश्वरीचे नाव खोडावे. वरवंटा धुऊन ईरम्माच्या पाट्यावर ठेवावा.

८. सही करण्याआधी दोनदा उठून पाणी प्यायले. कलम सातमधली शेवटची दोन वाक्ये मी रद्द करते. ईरम्माने बाजारातून नवा वरवंटा आणावा. नोंद खोटी असल्याचा शेरा समितीने खुशाल मारावा, नाव मात्र राहू द्यावे. मला बसवाल तेव्हा डाव्या तळहातावर माझ्या गळ्यातले इष्टलिंग ठेवाल. मांडी मोकळी असेल. जुने दुपटे कुजले असणार. नवे मी शिवून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले आहे. त्यात गुंडाळून तिला माझ्या मांडीवर द्या.

सही: दाक्षायणी गुरुपाद धनशेट्टी

साक्षीदार:
१. राजाबाई शिवशरण म्हमाणे, शेजारीण
२. चन्नवीर सिद्धप्पा बिराजदार, नोंदवही कारकून, रुद्रभूमी (सर्व मजकूर वाचून सही केली)

सोलापूर, दिनांक १६ जानेवारी २०२५