तीन महिने तोंड बंद

२ ऑगस्ट २०२२, मोरबी
बायकोचा, रागिणीचा फोन. तिले दिवस गेले! टाइल्सच्या भट्टीजवळच नाचलो. दोन टाइल्स फुटल्या. पण कोणाले सांगता येत नाही— आईची ताकीद, ‘तीन महिने पुरे होऊ दे. नजर लागते बापा.’

५ ऑगस्ट
पोटात मावूनच नाही राहिलं. शेवटी भट्टीले सांगितलं.

२८ ऑगस्ट
रागिणी अकोल्याच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थेटरात मदतनीस. लहान लेकरांले भूल देताना तीच धरते. तिच्याजवळ रडत नाहीत. काल फोनवर म्हणे, ‘मास्कच्या बाजूनं गोड वास येते, डोकं हलकं होते.’ म्या म्हटलं, तुहे दिवसच तसे! हसलो बी.

३० सप्टेंबर
गधा मी!
तीन महिने पुरे म्हणून तिनं थेटरात पेढे नेले. पौर्णिमा सिस्टर पेढा हातात घेऊनच वरडल्या— ‘काऊन वं, आता सांगतं? पोटुशी बाईले आमी भुलीच्या गॅसजवळ ठेवतच नाही! गर्भ पडायची भीती असते. अन् पहिल्या तीन महिन्यातच लेकराचे हातपाय, काळीज घडते!’ लगेच तिले थेटराबाहेर काढलं. कपड्यांच्या खोलीत काम दिलं.
आईले सांगितलं. तिनं फोनच ठेवून दिला.

४ ऑक्टोबर
डॉक्टरीनबाई म्हणाल्या, ‘गॅस बाहेर ओढायची सोय आहे, म्हणून धोका कमी. पण छातीठोक नाही सांगता येत. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करू.’
म्हणजे महिन्याच्या वर थांबायचं! कामात ध्यान नाही.

१६ नोव्हेंबर, अकोला
सुट्टी न विचारताच आलो. पडद्यावर लेकरू! डॉक्टरीनबाई बोट ठेवून दाखवून राहिल्या— हे काळीज, हे त्याचे चार कप्पे, हा कणा. सगळं जागच्या जागी. तेवढ्यात त्यानं लाथ झाडली. रागिणी रडते बी अन् हसते बी.
आई बाहेर बाकावर, तोंडाले पदर. म्या म्हटलं, ‘लाथा मारते तुहं नातरू.’
‘मलेच मारली असन,’ आई म्हणाली.

२७ मार्च २०२३
पोरगी! आवाज असा की पौर्णिमा सिस्टर म्हणाल्या, ‘हिलेच भूल द्या लागते आता.’

११ जून २०२५, वापी (तिसरं काम)
रागिणीले पुन्हा दिवस गेले. दुसराच महिना. आईनं सोताच सिस्टरले फोन केला— ‘हिले थेटराबाहेर काढा!’ मंग साऱ्या गल्लीले सांगितलं. मले सगळ्यात शेवटी कळलं!