बरोब्बर नऊ

प्रिय रॉइस,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, की आईला काही झालं. तसं काही नाही. तुझी आई ठणठणीत आहे. आत्ता खाली सफरचंदं सोलत बसलीय आणि मी वर काय खरडतोय याचा तिला पत्ता नाही. पत्रं लिहिणाऱ्यातला मी नव्हे, हे तुला माहीत आहे. सहा वर्षांत ख्रिसमसच्या कार्डावर नुसती सही केली, तीही तिने हातात पेन कोंबलं म्हणून. दर रविवारी ती तुला फोन करते तेव्हा मी गॅरेजमध्ये जातो. तिथे काही काम नसतं. नुसता उभा राहतो, आणि तिचा आवाज थांबला की आत येतो. मग ती आपणहूनच थोडंफार सांगते. तू नवं घर घेतलंस, तिकडे पाऊस फार पडतो, तुझ्या घरात बास्केटबॉलचा चेंडू नाही आणि टीव्हीवर सामना लागला की तू उठून जातोस. हे शेवटचं तिने मला एकदाच सांगितलं.

काल डेलमारच्या सलूनमध्ये यंदाच्या भाकितांचं वाचन झालं. तू गेल्यापासून काही म्हणजे काही बदललेलं नाही. तीच माणसं, फक्त डोक्यावरचे केस कमी, त्यामुळे डेलमारचा धंदाही कमी. आपल्या शाळेचा संघ, आपले बगळे, अठ्ठावीसपैकी किती सामने जिंकणार तो आकडा एकेकाने उठून सांगायचा, वर एक वाक्य जोडायचं, आणि सामन्यागणिक भरलेलं कार्ड पाकिटात बंद करून कॉफीच्या डब्यात टाकायचं. इर्व्ह उठला आणि छाती फुगवून म्हणाला, बावीस! डेलमार म्हणाला, "बावीस? इर्व्ह, सकाळची गोळी घेतलीस ना रे?" इर्व्ह म्हणाला, "हसा लेको, हसा. तो नवा पोरगा पाहिलात का? सहा फूट अकरा इंच! दारातून येताना वाकावं लागतं त्याला." मागून कोणीतरी म्हणालं, "दारात वाकतो, पण चेंडू पायाशी आला की वाकत नाही." सगळे खो खो हसले. गेल्या वर्षी इर्व्हने वीस सांगितले होते आणि बगळ्यांनी अकरा जिंकले, पण ऑक्टोबरात ते कोणाला आठवतंय! माझी पाळी आली तेव्हा मी मानेनेच नाही म्हटलं. सहा वर्षं मी आकडा सांगत नाही, आणि आता कोणी आग्रहही करत नाही.

मग होमर टिल्सन उठला. त्याचा धाकटा यंदा संघात आहे, म्हणजे रीतीप्रमाणे सगळ्यात वाईट भाकीत होमरनेच करायचं. होमर म्हणाला, "शून्य! अठ्ठावीसच्या अठ्ठावीस हरणार. माझं कार्टं इतकं आळशी आहे की चर्चच्या म्हाताऱ्या शिवणकाम बाजूला ठेवून आल्या, तरी याला चाळीस गुणांनी लोळवतील." तो पोरगा कोपऱ्यात बसला होता. कानापर्यंत लाल झाला, पण आनंदाने. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. घरच्यांनी पोराला दृष्ट लागू नये म्हणून इतकं अचाट खोटं बोलायचं, की ते खोटं आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं. कुठल्याशा बापाने फुशारकी मारली आणि पहिल्याच सामन्यात पोराचा गुडघा गेला, तेव्हापासून हे चालत आलंय. होमर शाळेत दोनदा नापास झालेला माणूस, पण त्याला हे जमलं. मी तिथून उठून बाहेर आलो आणि गाडीशी बराच वेळ उभा राहिलो.

मला का नाही जमलं रे? एकतीस वर्षं धान्याच्या कोठारावर काट्यावर बसलो. मूठभर मका हातात घेतला की ओल किती ते यंत्राआधी सांगायचो. शेतकरी म्हणायचे, वेंडेल सांगेल ते खरं. त्याची मला फार घमेंड. सहा वर्षांपूर्वी वाचनाच्या दिवशी तू डेलमारच्या खुर्चीत बसला होतास, गळ्याभोवती पांढरं कापड. शेवटचं वर्ष, पहिल्या पाचात पहिल्यांदाच निवड झालेली. माझी पाळी आली तेव्हा सगळे आधीच हसायच्या तयारीत होते. आणि मी म्हणालो, नऊ. म्हणालो, "रॉइसला डाव्या हाताने चेंडू नेता येत नाही. जानेवारीपर्यंत ते सगळ्यांना कळेल." कोणी हसलं नाही. डेलमारची कात्री थांबली. तू आरशातून माझ्याकडे बघितलंस, आणि मी, गाढव, तुझ्या नजरेला नजर देऊन उभा राहिलो. मला वाटलं, खरं बोललो. शून्य म्हणालो असतो तर ते प्रेम झालं असतं. नऊ म्हणालो, तो हिशेब झाला. तुला एका क्षणात कळलं ते मला कळायला सहा वर्षं लागली.

पुढचं तुला सांगायला नको, पण मला एकदा माझ्या हाताने लिहू दे. गुरुवारी गावच्या साप्ताहिकात सगळ्यांची वाक्यं छापून आली, दरवर्षी येतात तशीच, आणि ती इतर गावांचे प्रशिक्षकही वाचतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिले तीन घरचे सामने कसेबसे गेले. चौथ्याला पाहुण्या संघाने तुझी उजवी बाजू अडवून टाकली आणि त्यांची माणसं ओरडायला लागली, "डावीकडे, रॉइस! डावीकडे!" तू डावीकडे गेलास, आणि चेंडू गेला. पुन्हा गेलास, पुन्हा गेला. आईने माझा हात घट्ट धरला होता. मी तो सोडवला आणि बाहेर आलो. तिने तुला सांगितलं की बाबांना सर्दी झालीय. त्यानंतर दर सामन्याला बाबांना सर्दीच होती.

आणखी एक सांगतो, जे तुझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही. गॅरेजच्या दारावर तुझी ती बास्केटबॉलची कडी अजून आहे. गेल्या वर्षी एका रविवारी, ती तुझ्याशी बोलत असताना, मी तिच्याखाली उभा राहिलो आणि सहज डावीकडे बघितलं. डावीकडे आईचा फुलांचा वाफा. तू आठ वर्षांचा असताना रोज ओरडायचो मी, "तिकडे जाऊ नकोस! फुलं तुडवलीस तर बघ!" तू गुणी पोरगा. गेला नाहीस. दहा वर्षं त्या अंगणात खेळलास आणि एकदाही डावीकडे वळला नाहीस. मी खाली बसलो, रॉइस. सिमेंटवर बसून राहिलो. माझ्याच हातचं माप, आणि मीच ते चारचौघांत कमी भरलं म्हणून सांगितलं.

जानेवारीत तुला बाकावर बसवलं. फेब्रुवारीत अकराव्या घरच्या सामन्यानंतर तू बॅग भरलीस आणि गेलास. तेराव्या, घरच्या शेवटच्या सामन्याला शेवटच्या वर्षाची पोरं आईबापांना घेऊन मैदानात जातात, आईला फूल देतात. त्या दिवशी दुपारी तुझ्या आईने तो निळा कोट घातला, पलंगाच्या कडेला बसली आणि संध्याकाळी तो काढून ठेवला. मार्चमध्ये बगळे नऊ जिंकून थांबले. बरोब्बर नऊ. डेलमारने रिवाजाप्रमाणे भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर माझं नाव रंगवलं आणि रंगवताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ते नाव पुसून टाक म्हणून मी किती वेळा सांगितलं. तो म्हणतो, "जिंकलास ना वेंडेल? मग राहू दे."

आता का लिहितोय ते. डेलमारचे हात थरथरायला लागलेत, सलून बंद करतोय. काल मी गाडीशी उभा होतो तेव्हा तो बाहेर आला आणि त्याने माझ्या हातात एक पाकीट दिलं. कोणा दोघांचे आकडे सारखे आले तरच आपण कार्डांची पाकिटं उघडतो. त्या वर्षी नऊ म्हणणारा मी एकटाच, म्हणून त्या वर्षीचा डबा तसाच राहिला होता. काल तो रिकामा करताना त्यात तुझं नाव निघालं. खेळणाऱ्याने कार्ड भरायचं नसतं, पण डेलमार म्हणाला, "तू त्या दिवशी तरातरा निघून गेलास, आणि मग खुर्चीत बसल्या बसल्या पोराने माझ्याकडे कार्ड मागितलं. मी कसा नाही म्हणणार?" म्हणजे माझं ऐकल्यानंतर, रॉइस. ऐकल्यानंतर लिहिलंस तू. जिंकू-हरूचे सगळे चौकोन कोरे. फक्त घरच्या तेरा सामन्यांपुढे तुझ्या त्या तिरक्या अक्षरात दोनच शब्द, तेरा वेळा, 'बाबा येणार'. तेराव्यापुढे आणखी थोडं, 'आईबरोबर, मैदानात'. मी ते कार्ड रात्रभर उशाशी ठेवलं. तू परत ये असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि तू येणार नाहीस हे मला कळतं. भाकितात माझा हात कोणी धरत नाही. पण मला मोजता येतं, तेवढं मोजून देतो. अर्धवट सोडलेल्या चौथ्यापासून अकराव्यापर्यंत आठ सामने मी बाहेर पार्किंगमध्ये, गाडीत बसून, रेडिओवर ऐकले. निवेदकाने तुझं नाव घेतलं की आवाज मोठा करायचो. आत यायला चाळीस पावलं होती. ते आठ मी धरत नाही, तूही धरू नकोस. तेरापैकी तीन आलो.

तुझाच,
बाबा